पहिला चावा बाबांचा

१ डिसेंबर

दैनंदिनी जानेवारीच्या पहिल्या तारखेला सुरू करायची आणि महिना संपायच्या आत सोडून द्यायची, अशी जगाची रीत आहे. मी डिसेंबरातच सुरू करतेय. सोडून द्यायची झाली तर वर्ष संपल्याचं कारण आयतंच हाताशी असेल.

लिहायचं कारण एवढंच की यंदाचा नाताळ माझ्या गळ्यात पडलाय आणि त्याबद्दल कुरकुर करायला घरात कुणी नाही. सासूबाई होत्या तेव्हा नाताळचा स्वयंपाक म्हणजे त्यांचं राज्य. मी लसूण सोलायचा, लोणी फेटायचं, भांडी घासायची आणि मध्येमध्ये "वा!" म्हणायचं. "तू नुसती बघ," असं त्या म्हणायच्या आणि मी खरंच नुसती बघत राहिले. त्या गेल्या, त्या वर्षीचा नाताळ आम्ही आत्याबाईंकडे, म्हणजे बाबांच्या बहिणीकडे, कसाबसा साजरा केला. यंदा हे म्हणाले, "आता घरीच करू. सगळं आईसारखं." करणारी मी, आणि "आईसारखं" म्हणणारे हे.

तरी मनापासून करणार आहे, आणि ते बाबांसाठी. बाबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर बस चालवली, आता निवृत्त. मी या घरात आले तेव्हा मला अंडंसुद्धा धड उकडता येत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी पाव जाळला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला, आणि बाबांनी काळा भाग सुरीने खरवडून "कुरकुरीत झालाय" म्हणत सगळा पाव संपवला. तेव्हापासून आजतागायत त्यांनी माझ्या हातच्या कशालाही नाव ठेवलेलं नाही. माहेरी मला आईवडील नव्हते. बाबा काय असतात ते मला या घरात कळलं. तेव्हा एक नाताळ त्यांना नीट जेवू घालणं हे माझ्यावरचं ऋण आहे, असं समजा.

कोण वाचणार आहे म्हणून "समजा" लिहिलं, देव जाणे.

४ डिसेंबर

केकचा सुकामेवा भिजवला. सासूबाईंची रीत सोपी होती. मनुका, बेदाणे आणि संत्र्याच्या सालीचे बारीक तुकडे बरणीत घालायचे, वरून ते बुडतील एवढा संत्र्याचा रस, चिमूटभर दालचिनी, आणि झाकण लावून विसरून जायचं. मला विसरणं जमत नाही. संध्याकाळपर्यंत चारदा झाकण उघडून वास घेतला.

अक्रोड फोडायला खारूताई बसली होती. खारूताई म्हणजे आमची लेक. नऊ वर्षांची आहे आणि जितके फोडते त्यातले निम्मे गट्ट करते, म्हणून हे नाव. तिने एक गर आजोबांना दिला. बाबांनी तोंडात टाकला, "छान आहे हो," म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं. नंतर मला खारूताई कानात सांगते, "आई, आजोबांनी अक्रोड रुमालात थुंकला." मी तिला रागावले. मोठ्या माणसांबद्दल असं बोलू नये.

मग स्वतः एक खाऊन पाहिला. मला तरी ताजा वाटला. दुकानदार ओळखीचा आहे म्हणून मी कधी चाखून घेत नाही, हीच चूक असेल.

८ डिसेंबर

आज रविवार. जेवताना यांनी पुन्हा कवळीपुराण लावलं.

हे कवळ्या बनवतात. दातांच्या डॉक्टरांकडून मापं येतात आणि यांच्या लॅबमध्ये त्यावरून दात तयार होतात. हात इतका चांगला आहे की डॉक्टरीणबाई यांचं नाव घेऊन काम पाठवतात. उन्हाळ्यात बाबांचे उरलेसुरले दात काढले, तेव्हा यांनी ठरवलं की बाबांची कवळी दुसऱ्या कुणाच्या हातून होणार नाही. आठवड्याभरातच माप घेतलं. मग कितीतरी रविवार बाबांना खुर्चीत बसवून हे मेणातले दात लावून बघायचे. दातांचा आकार कुठून घेतला, तर बाबांच्या लग्नातल्या फोटोवरून! त्यामुळे आता सत्तरी ओलांडलेल्या चेहऱ्यात पंचविशीतल्या नवरदेवाचं हसू बसलंय. बाबा हसले की आपणच लाजून खाली बघावं.

"बाबा, कशी आहे कवळी?" यांनी विचारलं.

"फिट्ट!" बाबा म्हणाले.

"काही टोचतंय, हलतंय?"

"अजिबात नाही. मूळ दातांपेक्षा बरी."

हे खूश. मी बाबांच्या ताटाकडे बघत होते. सूप संपलं होतं. मटण मी दुपारभर शिजवलं होतं, ते जसंच्या तसं. "पोट भरलं गं," म्हणाले. कशाने भरलं? दोन वाट्या सुपाने?

१० डिसेंबर

आल्याची लहान बिस्किटं करून पाहिली. मैदा, त्याच्या निम्मं लोणी, तेवढीच साखर, दोन चमचे मध, भरपूर सुंठ, चिमूट सोडा. मळून थंडीत ठेवायचं, लाटायचं, कापायचं आणि कडेने तांबूस होईपर्यंत भाजायचं. चांगली खुसखुशीत झाली. खारूताईने शाळेत नेली तर डबा धुतल्यासारखा परत आला.

बाबांनी एक घेतलं आणि चहात धरलं. धरलं ते धरलंच. शेवटी बिस्किट कपाच्या तळाशी जाऊन बसलं आणि बाबांनी ते चमच्याने खाल्लं. मी म्हटलं, "बाबा, कडक झालंय का?" तर म्हणतात, "छे, मला अशीच सवय आहे." खोटं! सासूबाईंची बिस्किटं हा माणूस बरणीसमोर उभा राहून कडाकडा खायचा.

मला स्वयंपाक येतो की नुसता वाटतो? खरं म्हणजे इतकी वर्षं सासूबाई शेजारी उभ्या असायच्या. मी मीठ टाकलं की त्या अजून चिमूटभर टाकायच्या. ती चिमूटच चव होती की काय?

१२ डिसेंबर

बाबांची पँट कंबरेत आत घेतली. हा माझ्या रोजच्या कामाचा भाग, मी कपडे दुरुस्तीच्या दुकानात आहे. उसवणं, आत घेणं, सैल करणं, लांबी कमी करणं. पण घरातल्या माणसाची पँट दोनदा आत घ्यायला लागली की हात जड होतो. ऑक्टोबरमध्ये एकदा घेतली होती.

माझ्या स्वयंपाकाची याहून स्पष्ट पावती कुठली?

१४ डिसेंबर

वाईट दिवस.

सकाळी बाबांना जेवा जेवा म्हणून दातांच्या कण्या केल्या. त्यांनी हात पुसले आणि शांतपणे म्हणाले, "मी म्हणतोय, नाताळ झाला की बहिणीकडे राहायला जावं. तिथलं जेवण मला सोसतं."

"किती दिवस?" यांनी विचारलं.

"बघू. तिलाही सोबत होईल."

म्हणजे कायमचं. सगळ्यांना कळलं. खारूताईने विचारलं, "मग मला शाळेतून आणायला कोण येणार?" बाबा उठून आत गेले.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. हे मागे येऊन उभे राहिले. "थोडा बदल हवा असेल त्यांना. आईच्या आठवणी आहेत इथे," म्हणाले. मला म्हणायचं होतं, आठवणी नाहीत हो, माझं मटण आहे. पण मी नळ आणखी मोठा सोडला. एवढा गुणी माणूस माझ्या हातचं जेवून खंगतो आणि वर "उत्तम" म्हणतो. एकदा तरी म्हणावं ना, की सूनबाई, हे वाईट झालंय! शिकले असते मी. तोंडदेखल्या कौतुकाने कुणाचा स्वयंपाक सुधारलाय?

१५ डिसेंबर

बटाटा-गाजराचं सूप. बाबांनी तीन वाट्या प्यायल्या. सूप चांगलं झालं होतं असं नाही, सूप बिघडवणं अवघड असतं.

१९ डिसेंबर

केक भाजला. आधी लोणी आणि साखर फेटली, हात भरून येईपर्यंत. मग एकेक अंडं, मग मैदा, दालचिनी, लवंगेची पूड, भिजलेला मेवा आणि शेवटी अक्रोड. मंद ओव्हनमध्ये ठेवला आणि घरभर असा वास सुटला की शेजारीण साखर मागायचं निमित्त काढून आली.

केक आठवडाभर मुरवायचा असतो, पण चव बघायला छोट्या भांड्यात एक वेगळा केला होता. बाबांनी खाल्ला! दोन तुकडे! मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. मग बशी उचलायला गेले तर काठावर अक्रोडाचे तुकडे ओळीने मांडलेले. एकूण एक वेचून बाजूला.

उद्या त्या दुकानदाराला जाब विचारते.

२१ डिसेंबर

जे घडलं ते नीट सांगते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

दुपारी दुकानात एक बाई कोट घेऊन आल्या. साठीच्या असतील. जाड लोकरी कोट, शिवण नवशिकी पण जीव ओतून घातलेली. "फक्त हे बटण एवढंसं सरकवून द्या," म्हणाल्या. मी म्हटलं, घालून दाखवा. घातला आणि आरशासमोर ताठ उभ्या राहिल्या. "छान बसलाय ना?"

"हात वर करा," मी म्हटलं.

हात खांद्याच्या वर जाईना.

"काखेत काचतोय तुम्हाला."

"काचतोय हो," त्या हळूच म्हणाल्या, "पण लेकीने शिवलाय. पहिला कोट तिचा. तिला कसं सांगू? ती समोर असली की घालते. जेवताना तर श्वाससुद्धा घेता येत नाही, मग काहीतरी निमित्त काढून उठते."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं, नाहीतर मी ओरडले असते. रुमालातला अक्रोड. कपात बुडालेलं बिस्किट. काठावर मांडलेले तुकडे. तीन वाट्या सूप. आणि प्रत्येक वेळी शेजारी बसलेले हे, "कशी आहे कवळी?" म्हणून विचारणारे!

मी दिवसभर दुसऱ्यांचे कपडे कुठे काचतात ते शोधते आणि घरातलं माणूस माझ्या डोळ्यांसमोर उपाशी. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मालकीणबाईंना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि घरी पळाले.

बाबा मागच्या पायरीवर उन्हात बसले होते. मी शेजारी बसले आणि सरळ म्हटलं, "बाबा, कवळी काढा."

"का गं?"

"काढा."

त्यांनी पाठ फिरवून काढली आणि तोंड उघडलं. खालच्या हिरडीवर एका बाजूला लालभडक जखम होती.

"यांना का नाही सांगितलंत?"

कवळीशिवाय त्यांचं बोलणं बोबडं होतं, पण प्रत्येक शब्द कळला. "तुझी सासू गेल्यावर तो माझ्याशी धड बोलत नव्हता. घरात यायचा, जेवायचा, झोपायचा. मग हे दात करायला घेतले. रविवारी मला खुर्चीत बसवायचा, हनुवटी धरायचा, आणि गप्पा मारायचा. लहानपणीच्या, आईच्या. एकदा रडलासुद्धा. या दातांमुळे मला मुलगा परत मिळाला गं. आता त्याला म्हणू की तुझं काम चुकलं?"

"आणि मला वाटत होतं माझ्या हाताला चव नाही."

बाबा चमकले. "तुला असं वाटलं?"

"मग काय वाटणार? तुम्ही घर सोडून निघालात!"

"अगं वेडे, तुझ्या केकच्या वासाने मला झोप लागली नाही परवा." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तिथे बहिणीकडे कवळी काढून जेवता येतं. कुणाला काही वाटत नाही. म्हणून म्हटलं जावं."

मग माझ्याकडून शब्द घेतला की यांना काही सांगायचं नाही. त्या हाताखाली बसून मी शब्द दिला, आणि उठून आत येईपर्यंत पस्तावले.

२२ डिसेंबर

एक ओझं उतरलं आणि दुसरं चढलं. माझा स्वयंपाक वाईट नाही, या आनंदात सकाळी अर्धा तास गाणं गुणगुणले. मग आठवलं, परवा मोठं बिस्किट आहे.

हे आमच्या घरचंच खूळ. जेवणाच्या ताटाएवढं एकच आल्याचं बिस्किट करतात. नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळे टेबलाभोवती उभे राहतात. घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाने पहिला चावा घ्यायचा आणि पुढच्याच्या हातात द्यायचं. असं करत ते शेंडेफळापर्यंत जातं. म्हणे कुठल्याशा पूर्वजांकडे माणसं जास्त आणि बशा कमी होत्या. बिस्किट कडकच हवं. चावल्याचा आवाज आला की सगळे टाळ्या वाजवतात. बाबांच्या चाव्याचा आवाज शेजारी ऐकू जायचा आणि त्याचा त्यांना कोण अभिमान!

परवा त्या जखमेवर ते चावणार, सगळ्यांसमोर, हसत. हे मी होऊ देणार नाही.

यांना सांगून टाकावं का? शब्द दिलाय. न सांगावं तर बाबा जातील. हे रात्री जेवताना म्हणाले, "बाबांना तिकडे गेल्यावर कवळीची काळजी घ्यायला सांगितली पाहिजे." मी पाणी प्यायले.

२३ डिसेंबर

मऊ बिस्किटाची कृती, माझी स्वतःची. लोणी दुप्पट. एक अंडं जास्त. थोडं दूध. जाड लाटायचं, आणि रंग येण्याआधीच बाहेर काढायचं. वरून मधाचा हात फिरवायचा, म्हणजे दिसायला आईसारखं दिसेल.

पहिलं उचलताना मोडलं. खारूताईने तत्काळ पुरावा नष्ट केला. दुसरं जमलं. हातात घेतलं की कडेला किंचित वाकतं. संध्याकाळी दिवे कमी ठेवते.

२४ डिसेंबर

चर्चमधून आलो. खारूताईने टेबलावर मेणबत्त्या लावल्या. प्रार्थना झाली. मी बिस्किट आणलं, दोन्ही हातांनी खालून आधार देऊन. बाबांनी घेतलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि चावा घेतला.

आवाज आला नाही. टाळ्या वाजवायला उचललेले खारूताईचे हात तसेच राहिले.

यांनी बिस्किट हातात घेतलं. ते वाकलं. "हे काय?"

"बिस्किट," मी म्हटलं.

"हे वाकतंय. केक आहे हा. आईचं बिस्किट टेबलावर आपटलं तर टणटण वाजायचं." आवाज चढला नव्हता, पण चेहरा उतरला होता. "अगं, एक गोष्ट आईसारखी कर म्हटलं होतं. बाकी काही नाही. एवढी एक."

उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी ओठ घट्ट मिटून घेतले. डोळे मात्र माझं ऐकत नाहीत, ते भरले. यांनी ते पाहिलं आणि अजूनच वैतागले, कारण रडणाऱ्या बायकोसमोर रागावलेला नवरा कसाही उभा राहिला तरी वाईटच दिसतो.

तेव्हा बाबा बोलले. "तिला काही म्हणू नकोस. तिने ते माझ्यासाठी मऊ केलंय."

"तुमच्यासाठी?"

"तू केलेले दात मला चावतात."

खारूताई खुदकन हसली. "दात आजोबांनाच चावतात?" मग सगळ्यांचे चेहरे पाहून गप्प झाली.

बाबा थांबले नाहीत. थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं, असं त्यांच्या हातांवरून दिसत होतं. "पहिल्या दिवसापासून नाही. पण सप्टेंबरपासून मी नुसतं खोटं हसतोय. मला चावता येत नाही. मटण, बिस्किट, अक्रोड, काही नाही. ही पोर समजत होती की तिचा स्वयंपाक वाईट आहे. तो उत्तम आहे. मी खोटं बोललो, तिची काही चूक नाही."

यांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं आता उठून जातील. ते म्हणाले, "कुठे?"

"काय कुठे?"

"कुठे चावतात? वर की खाली? कुठल्या बाजूला?"

मग टॉर्च आणला. कामाची पिशवी आणली. बाबांना मेणबत्त्यांच्या शेजारी खुर्चीत बसवलं, हनुवटी धरली, आणि जखम बघून डोळे मिटले. पिशवीतून जांभळी पेन्सिल काढून जखमेभोवती हलकेच खूण केली आणि कवळी बसवून काढली. गुलाबी कवळीवर जांभळा ठिपका उमटला होता. "हे इथे," एवढंच बोलले.

"मीच प्रत्येक पेशंटला सांगायला लावतो," थोड्या वेळाने म्हणाले, "दात काढल्यावर हिरड्या आटत जातात. कवळी सैल पडते, घासते. चार-सहा महिन्यांनी पुन्हा बघून घ्या. प्रत्येकाला. आणि माझ्या बापाला विचारलं काय, तर फिट्ट ना!"

"आणि बापाने सांगितलं काय, तर फिट्ट," बाबा बोबडेपणाने म्हणाले.

कुणी हसलं नाही, पण खोली जरा सैलावली.

नंतर हे मागच्या पायरीवर जाऊन बसले. मी उरलेलं बिस्किट घेऊन गेले. "आईच्या आजारपणात मला काहीच करता आलं नाही," म्हणाले. "वाटलं होतं, बाबांना तरी एक गोष्ट नीट करून दिली." मी बिस्किट पुढे केलं. त्यांनी खाल्लं. मग अजून एक तुकडा मोडून घेतला.

"तुला बोललो ते चुकलं माझं."

"हो, चुकलंच," मी म्हटलं. आज घरात खरं बोलायची साथ आली होती.

२५ डिसेंबर

चर्चमधून आल्याआल्या हे कवळी घेऊन लॅबवर गेले. किल्ली यांच्याकडेच असते. बाबा दिवसभराच्या शुभेच्छा तोंडावर रुमाल धरून स्वीकारत बसले.

कोंबडी मी सकाळीच तयार केली होती. लोणी, लसूण, मिरी आणि मीठ एकत्र करून तिला आतून-बाहेरून चोळायचं, पोटात अख्खं लिंबू, खाली बटाटे, आणि कातडी सोनेरी होईपर्यंत ओव्हन. करायला सोपी, बिघडवायलाही सोपी. हे येईनात. मी ओव्हन मंद करत होते, पुन्हा वाढवत होते, बाहेर काढून रस्सा वरून घालत होते, आणि एवढी घाबरले होते की काय घातलं आणि काय नाही याचा पत्ता नव्हता. आज बाबा चावू शकले नाहीत तर उद्या पेटी भरतील. आज यांना जमलं नाही तर हे पुन्हा मिटून जातील. आणि माझ्या हातात काय, तर एक कोंबडी.

हे आले. कोटसुद्धा न काढता बाबांसमोर गुडघ्यावर बसले. कवळी घासली होती, आतून मऊ अस्तर लावलं होतं. बसवली. बाबांनी दात मिटले. हे म्हणाले, "आता खरं सांगायचं हं."

बाबांनी विचार केला. "उजवीकडे जरासं."

यांनी काढली, घासली, परत बसवली. "आता?"

"अजून जरासं."

असं किती वेळा झालं, मोजलं नाही. प्रत्येक "जरासं" ऐकताना यांचा चेहरा उजळत होता. शेवटी बाबा म्हणाले, "आता चांगली आहे." फिट्ट म्हणाले नाहीत. आम्ही सगळ्यांनी विश्वास ठेवला.

"जखम भरेपर्यंत सावकाश हं, बाबा. डॉक्टरीणबाईंनाही परवा दाखवून येऊ," हे म्हणाले.

जेवायला बसलो. प्रार्थना झाली. मी तंगडी बाबांच्या ताटात वाढली. त्यांनी लहानसा घास घेतला आणि चावू लागले. आधी डावीकडे, मग भीतभीत उजवीकडे. आम्ही तिघं काटे हातात धरून बघत होतो. खारूताईने तर श्वास रोखला होता. बाबांनी गिळलं. दुसरा घास घेतला. तिसरा मोठा होता. मग त्यांनी काटा-सुरी बाजूला ठेवली, तंगडी हातात घेतली आणि हाड स्वच्छ होईपर्यंत मान वर केली नाही.

हाड ताटात ठेवलं. तोंड पुसलं. माझ्याकडे वळले.

"सूनबाई, एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"सांगा ना, बाबा."

"कोंबडी खारट झालीय."

यांना ठसका लागला.

"चांगलीच खारट आहे," ते म्हणाले. "दोनदा मीठ पडलंय बहुतेक. आणि बटाटे खालून करपलेत."

"अजून काय?" मी विचारलं.

"अजून एक तंगडी वाढ."

वाढली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते. यांनी धीर करून विचारलं, "बाबा, आत्याकडे कधी निघायचं म्हणालात?"

"तिच्याकडे?" बाबा दुसऱ्या तंगडीवरून वर न बघता म्हणाले. "तिच्याकडे सगळं अळणी असतं रे. नको."

कोंबडी खरोखर खारट होती. देवा, तुझे किती आभार मानू?